रॅम तापते, वीज आपली जळते

नवी मुंबईत नाहीतर पुण्याकडे अमुक हजार कोटींचं डेटा सेंटर येणार, ही बातमी महिन्या-दोन महिन्यांनी येतेच. बातमीत तीन आकडे ठरलेले असतात. गुंतवणूक किती कोटी, वीज किती मेगावॉट आणि रोजगार किती. नेत्यांच्या भाषणात तेच तीन, दुसऱ्या दिवशी पेपरात तेच तीन. पण मेगावॉटच्या आकड्यापाशी थांबून "एवढी वीज आत जाऊन करते तरी काय?" असं विचारताना मी अजून कुणाला पाहिलं नाही. आज तेच विचारायचंय. पोस्ट मोठी आहे, सावकाश वाचा. विषय कॉम्प्युटरचा वाटेल, पण आहे तो आपल्या विजेचा आणि आपल्या उन्हाळ्याचा.

मी जळगाव जिल्ह्यातला. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास गेला तर त्याची कुणी बातमीही करत नाही. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे, त्यामुळे वीज कशी तयार होते हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, टर्बाइन फिरतं. पण कोळशातल्या एकूण उष्णतेपैकी एक तृतीयांशाच्या थोडी वर एवढीच वीज हाती लागते. बाकीची उष्णता चिमणीतून आणि कूलिंग टॉवरमधून हवेत जाते. हाती लागलेली वीज तारांवरून शेकडो किलोमीटर जाते आणि त्यातली काही कुठल्यातरी सर्व्हरमध्ये शिरते. आता गंमत बघा. सर्व्हरमध्ये शिरलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी पुन्हा उष्णताच होते. मग ती बाहेर काढायला एसी लावायचा आणि एसीला परत वीज द्यायची. म्हणजे एका टोकाला उष्णतेची वीज करायची आणि दुसऱ्या टोकाला विजेची उष्णता.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा २०२५ चा अहवाल सांगतो की २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी ४१५ टेरावॉट-तास वीज वापरली. आपल्या भाषेत ४१,५०० कोटी युनिट. जगाच्या एकूण विजेच्या साधारण दीड टक्का. २०३० पर्यंत हाच आकडा ९४,५०० कोटी युनिटच्या आसपास जाईल, असा त्यांचा अंदाज आहे. थंडाव्यावर जाणारा वाटा चांगल्या, मोठ्या केंद्रात ७ टक्क्यांच्या आसपास, तर जुन्यापान्या ठिकाणी ३० टक्क्यांच्याही वर.

जुनंपानं ठिकाण म्हणजे काय, हे मी जवळून पाहिलंय. आमच्या भागातली एक पतसंस्था. नाव महत्त्वाचं नाही, अशा शंभर असतील. मागच्या खोलीत सर्व्हर, खिडकी बंद करून लावलेला दीड टनी एसी, तो बारा महिने १८ वर. दोन वर्षांपूर्वी खरीपाच्या तोंडावर एसी बंद पडला आणि दुपारी दोनच्या सुमारास सर्व्हरनं स्वतःला बंद करून घेतलं. बी-बियाणं घ्यायला पैसे काढायला आलेले शेतकरी ओट्यावर ताटकळत बसले. दोन दिवस व्यवहार बंद. बातमीसाठी गेलो तेव्हा दुरुस्तीला आलेला पोरगा मला म्हणाला, "भाऊ, मशीन बिघडलेलंच नाही. त्याला फक्त गरम होतंय."

"म्हणजे नेमकं काय गरम होतंय?"

"प्रोसेसर तर तापतोच, पण रॅमपण तापते. आणि रॅम तापली की ती जास्त वीज खाते. जास्त खाल्ली की अजून तापते."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मी विज्ञानाचा माणूस नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा करून या धंद्यात आलो. पण वस्तू तापली की जास्त खाते आणि जास्त खाल्ली की अजून तापते, हा प्रकार काय आहे ते समजून घ्यावं म्हणलं. जे समजलं ते सांगतो.

रॅम म्हणजे कॉम्प्युटरची तात्पुरती स्मरणशक्ती. आज जी वापरतो तिची मूळ कल्पना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. १९६८ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. कल्पना फार साधी आहे. माहितीचा एक कण साठवायला एक इवलीशी घागर. घागरीत विजेचा भार भरलेला असेल तर १, रिकामी असेल तर ०. साध्या ८ जीबी रॅममध्ये अशा जवळपास ६,९०० कोटी घागरी असतात.

अडचण एकच. प्रत्येक घागर झिरपते. भरलेली घागर सेकंदाच्या आत रिकामी व्हायला लागते आणि १ चा ० होऊन बसतो. म्हणून रॅम एक काम सतत करत राहते. प्रत्येक घागर बघायची, भरलेली होती का ते ओळखायचं आणि पुन्हा काठोकाठ भरायची. हा फेरा सेकंदाच्या ६४ हजारांश भागात एकदा पूर्ण करायचा, असा उद्योगाचा नियम आहे. म्हणजे एका सेकंदात पंधरा-सोळा वेळा सगळ्या घागरी पुन्हा भरायच्या. तुम्ही टायपिंग करा, पिक्चर बघा, नाहीतर कॉम्प्युटर चालू ठेवून जेवायला जा. पाणी भरणं थांबत नाही.

आता यात तापमान कुठं येतं? घागर गरम झाली की जास्त झिरपते. म्हणून नियमच असा आहे की चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं की फेरे दुप्पट करायचे. ६४ च्या जागी ३२. दुप्पट फेरे म्हणजे भरण्याच्या कामाला दुप्पट वीज आणि त्या विजेची पुन्हा उष्णता. त्या पोरानं एका वाक्यात सांगितलं ते हेच.

उलटी बाजूही खरी आहे. २००८ साली अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की रॅम उणे ५० अंशांपर्यंत गार केली तर वीज काढून घेतल्यावरही तिच्यातली बहुतेक माहिती दहा मिनिटांनी शाबूत राहते. गार करायला त्यांनी काही मोठं यंत्र वापरलं नव्हतं. कीबोर्डवरची धूळ उडवायचा हवेचा डबा उलटा धरून फवारला होता. त्यांचा मुद्दा सुरक्षिततेचा होता, पण आपल्या कामाची गोष्ट ही की रॅमची गळती तापमानाच्या तालावर नाचते. म्हणूनच मोबाइलच्या रॅममध्ये तापमान मोजायची सोय असते. गार असेल तर फेरे कमी, तापली तर जास्त. तुमच्या बॅटरीचे काही मिनिटं या हिशोबावर वाचतात.

एआयच्या जमान्यात हे दुखणं वाढलंय. एआयच्या चिपला लागणारी रॅम एकावर एक थर रचून बनवतात. आठ थर, बारा थर, आता सोळा. भाकरीच्या टोपल्यात मधल्या भाकऱ्या जास्त वेळ गरम राहतात ना, तसं मधल्या थरांचं होतं. उष्णतेला बाहेर पडायला वाट सापडत नाही. अशा रॅमला एवढी मागणी आहे की साधी रॅमही महागली. परवा दुकानात भाव विचारला तर दुकानदार म्हणाला, "भाऊ, सोनं आणि रॅम, या दोघांचा भाव सकाळी सकाळी विचारू नका."

मग प्रश्न पडतो की घागर झिरपणारच असेल तर घागरच कशाला वापरायची? माहिती साठवायला असा पदार्थ का नको, जो एकदा बदलला की तसाच राहील आणि पुन्हा पुन्हा भरावा लागणार नाही?

असा पदार्थ आहे. आणि तो समजायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही, स्वयंपाकघरात गेलं तरी चालतं. साखर वितळवून परातीत ओतली आणि झटकन गार झाली की काचेसारखा ठिसूळ, पारदर्शक पापुद्रा होतो. चिक्कीत दाण्यांना धरून ठेवणारा तोच. आणि साखरेचा पाक दोरा सोडून दिवसेंदिवस शांत ठेवला की त्याच साखरेची खडीसाखर होते, पैलू पडलेली. पदार्थ एकच, पण कण आत कसे रचले गेले यावर रूप वेगळं. झटकन गार केलं तर कणांना रांगेत उभं राहायला वेळच मिळत नाही. सावकाश जमू दिलं तर शिस्तीत बसतात. लोहार तापलेला विळा पाण्यात बुडवतो तेव्हा तोही पोलादाच्या आतल्या रचनेशीच खेळत असतो.

टेल्युरियम, जर्मेनियम, अँटिमनी यांच्या मिश्रणाचं असंच आहे. विस्कळीत रूपात ते वीज अडवतं, शिस्तीतल्या रूपात वीज जाऊ देतं. अडवली तर ०, जाऊ दिली तर १. आणि एकदा रूप बदललं की वीज गेली तरी ते तसंच राहतं. फेरे नाहीत, भरणं नाही.

हे पहिल्यांदा ठळकपणे दाखवणारा माणूस मला फार आवडतो. स्टॅनफर्ड ओव्शिन्स्की. जन्म १९२२, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ॲक्रन गावी. वडील लिथुआनियातून आलेले, घोडागाडीवरून भंगार गोळा करणारे. हा पोरगा कॉलेजात कधी गेला नाही. लेथ मशीनवर काम शिकला आणि पुढे स्वतःची लेथ तयार केली. वाचनालयात बसून विज्ञान शिकला. १९६० मध्ये आयरिस या आपल्या सहकारिणीबरोबर, पुढे त्या त्यांच्या पत्नी झाल्या, डेट्रॉइटला छोटी प्रयोगशाळा काढली. १९६८ मध्ये भौतिकशास्त्राच्या नावाजलेल्या नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला. अशा काचेतून विजेचा झटका दिला की ती रूप बदलते आणि परत आणता येते. लक्षात घ्या, डेनार्ड यांच्या घागरीचं पेटंटही त्याच वर्षीचं. दोन्ही वाटा एकाच वर्षी उघडल्या.

जगानं घागर निवडली, कारण ती स्वस्त आणि चपळ होती. तसं दुसऱ्या वाटेवरही लोक गेले. १९७० मध्ये इंटेलच्या गॉर्डन मूर यांनी ओव्शिन्स्कींच्या माणसांबरोबर २५६ कणांची अशी स्मृती बनवून दाखवली. पण ती मागे पडली. हाच पदार्थ मग आपल्या हातात वेगळ्या वाटेनं आला. परत परत लिहिता येणारी सीडी आठवते? आम्ही फोटो तिच्यावर टाकून एसटीनं जिल्ह्याच्या कार्यालयात पाठवायचो. कंडक्टरच्या हातात पाकीट द्यायचं आणि एसटीडी बूथवरून फोन करायचा, "अमुक गाडीनं येतंय, उतरवून घ्या." त्या सीडीत अशाच प्रकारचं मिश्रण होतं. विजेऐवजी लेझरनं तापवलेलं, एवढाच फरक.

मोठा डाव मांडला गेला २०१५ मध्ये. इंटेल आणि मायक्रॉन यांनी मिळून नवी स्मृती जाहीर केली, ती पुढे ऑप्टेन नावानं बाजारात आली. आत कुठला पदार्थ आहे हे कंपन्यांनी उघड सांगितलं नाही, पण चिप उघडून तपासणाऱ्यांना तोच रूप बदलणारा पदार्थ सापडला. २०२१ मध्ये मायक्रॉन बाहेर पडली. २०२२ मध्ये इंटेलनंही दुकान आवरायला घेतलं आणि पडून राहिलेल्या मालापोटी ५५.९ कोटी डॉलर तोट्यात टाकले. साध्या साठवणुकीपेक्षा महाग, रॅमपेक्षा हळू. मधल्या मध्ये कुचंबणा झाली.

शिवाय या पदार्थाचं स्वतःचं एक दुखणं आहे. त्याला विस्कळीत करायचं तर आधी वितळवावं लागतं आणि वितळायला साधारण ६०० अंश लागतात. जागा एवढीशी असली तरी दर वेळी लिहिताना ती भट्टी पेटवायची. म्हणजे सांभाळायला वीज शून्य, पण लिहायला वीज जास्त. ज्या ठिकाणी एकदा लिहून अनेकदा वाचायचं असतं तिथं हे परवडतं. मोटारींमधल्या नियंत्रक चिपसाठी एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी अशी स्मृती वापरते, आणि मोटारीतली उष्णता सोसावी म्हणून तिनं त्या मिश्रणातलं जर्मेनियमचं प्रमाण वाढवलंय. पण सेकंदाला कोट्यवधी वेळा लिहायचं तिथं भट्टी परवडत नाही.

आता आपल्या देशाकडे येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले पवन नुकला आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले रितेश अगरवाल यांच्या गटांचं हे काम, सोबत आणखी सहकारी. इंडियम सेलेनाइड नावाच्या पदार्थाच्या बारीक तारेतून त्यांनी विजेचा झटका न देता सलग प्रवाह सोडला आणि तार न वितळताच विस्कळीत झाली. भट्टीच नाही! या पदार्थाचे थर पत्त्यांच्या कॅटसारखे असतात. विजेनं एखाद्या ठिकाणी थर किंचित सरकतात, त्याचा हादरा शेजारच्याला बसतो, त्याचा पुढच्याला. डोंगरावरची दरड कोसळावी तसं. वितळवण्याच्या तुलनेत लागणाऱ्या शक्तीची घनता एक अब्ज पटींपर्यंत कमी होऊ शकते, असं त्यांनी मांडलंय.

इथं हुरळून जाऊ नका. ही प्रयोगशाळेतली एक तार आहे, दुकानातली रॅम नव्हे. तारेपासून चिपपर्यंत आणि चिपपासून कारखान्यापर्यंत किती वर्षं लागतात हे ओव्शिन्स्कींच्या गोष्टीवरून कळलंच असेल. १९६८ ते २०१५ हा काळ मोजा. पण या कामाचा एक भाग बंगळुरूच्या सरकारी संस्थेत झालाय, ही गोष्ट लहान नाही.

म्हणूनच आता पैशाचं बोलू. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रानं सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटींची योजना जाहीर केली. जून २०२३ मध्ये गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प जाहीर झाला. एकूण २.७५ अब्ज डॉलरचा. त्यातले कंपनीचे जास्तीत जास्त ८२.५ कोटी डॉलर, बाकीचा भार केंद्र आणि गुजरात सरकारवर. तिथलं काम म्हणजे बाहेर तयार झालेल्या मेमरी चिपची जुळणी आणि चाचणी. कारखाना यायला माझा विरोध नाही, पोरांना काम मिळतंय. पण घागर कशाची करायची हे जिथं ठरतं ती जागा साणंद नाही. ती जागा म्हणजे प्रयोगशाळा. आणि आपला देश संशोधनावर एकूण उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो. जुलै २०२५ मध्ये खासगी क्षेत्रातल्या संशोधनासाठी एक लाख कोटींचा निधी मंजूर झालाय, चांगलंच आहे. पण विद्यापीठांत पाच-सहा वर्षं एकाच तारेकडे बघत बसणाऱ्या पोरांचं काय? शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने अडकली म्हणून संशोधक विद्यार्थी उपोषणाला बसल्याच्या बातम्या मी स्वतः केल्या आहेत.

नवा पदार्थ येईपर्यंत काहीच करता येत नाही असंही नाही. सिंगापूर बघा. छोटा देश, बारमाही दमट उकाडा, डेटा सेंटरांची गर्दी. २०२३ मध्ये त्यांनी उष्ण हवामानातल्या डेटा सेंटरांसाठी एक मानक काढलं. खोलीचं तापमान टप्प्याटप्प्यानं २६ अंशांवर न्या. एकेक अंश वाढवला की थंडाव्याच्या ऊर्जेत २ ते ५ टक्के बचत होते, हा त्यांचा हिशोब. या क्षेत्रातली जागतिक शिफारसही १८ ते २७ अंशांची आहे. मग आपल्या पतसंस्थेचा एसी बारा महिने १८ वर कशासाठी? कारण "मशीन आहे, गार ठेवा" एवढंच कुणीतरी सांगून गेलं. अर्थात, खोलीचं तापमान वेगळं आणि चिपचं वेगळं. पंखा, हवेचा झोत, जाळी साफ, हे सांभाळून अंश वाढवायचे असतात. पण हा विचार व्हायला तरी हवा. आणि उद्या उष्णता सोसणारी, न झिरपणारी स्मृती आली तर हाच एसी आणखी सैल सोडता येईल. पदार्थाचा प्रश्न असा धोरणाचा प्रश्न होतो.

म्हणून आपल्या लोकप्रतिनिधींना आणि माझ्या पत्रकार बंधू-भगिनींना विनंती. पुढची डेटा सेंटरची घोषणा झाली की कोटी, मेगावॉट आणि रोजगार यांच्या खाली आणखी चार प्रश्न जोडा. मंजूर मेगावॉटपैकी थंडाव्याला किती? खोली किती अंशांवर चालवणार? थंडाव्याला पाणी किती आणि कुठलं? वाचलेल्या आणि न वाचलेल्या विजेचा हिशोब दरवर्षी जाहीर करणार का? वीज सवलत जनतेच्या पैशातून द्यायची असेल तर ही चार उत्तरं मागणं हा आपला हक्क आहे. विजेची टंचाई झाली की पहिला फटका आमच्या केळीच्या पंपाला बसतो, सर्व्हरला बसत नाही.

मी पुढच्या घोषणेच्या वेळी हे चार प्रश्न लेखी देणार आहे. उत्तरं आली तर इथंच टाकीन. नाही आली तर तेही टाकीन, तारखेसह.